लेझर आयन स्रोतात टार्गेट कसं भरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत लहान लेझर आयन स्रोत उभा राहतो आहे, म्हणजे घन पदार्थाच्या तुकड्यावर (टार्गेटवर) लेझर मारून त्याचा प्लाझ्मा, म्हणजे तापलेला, प्रभारित वायू, उडवणारं आणि त्यातून आयनांचा बीम काढणारं यंत्र. एनडी-याग लेझर, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, ६ नॅनोसेकंदांचं स्पंदन, ऊर्जा अर्ध्या जूलच्या आसपास. कार्बन, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, लोखंड आणि पुढे लिथियम अशी पाच टार्गेटं एकाच चेंबरमध्ये हवी आहेत. ती आत कशी बसवायची, व्हॅक्यूम किती वेळा मोडावा लागेल, पावसाळ्यात लिथियमचं काय करायचं, आणि नवं टार्गेट घातल्यावर सुरुवातीला हव्या त्या मूलद्रव्याऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचेच आयन का दिसतात?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर नीट कळलं की बाकीच्या तिन्हींचा अर्धा निकाल लागतो.

लेझरचं एक स्पंदन टार्गेटचा अतिशय पातळ थर उचलतं. तुमच्या लेझरने धातूतून एका वेळी निघणारा थर फार तर काही मायक्रोमीटरांचा असतो. म्हणजे २ मिलिमीटर जाडीची, ९९.९९ टक्के शुद्ध पट्टी आणली तरी पहिल्या स्पंदनाच्या प्लाझ्मात त्या धातूबरोबर बाकीचंही बरंच काही येतं: वरचं ऑक्साइड, त्यावर बसलेलं पाणी, आणि कोणी उघड्या हाताने पट्टी धरली असेल तर त्या बोटांचं तेल. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावरची शुद्धता आतल्या धातूची असते. पृष्ठभागाची जबाबदारी तुमची.

बरं, आत गेल्यावर तरी पृष्ठभाग स्वच्छ राहतो का? तोही नाही. चेंबरमधला दाब एका पास्कलच्या दहा हजाराव्या भागाइतका असेल आणि आदळणारा प्रत्येक रेणू चिकटतो असं धरलं, तर तीन-चार सेकंदांत पाण्याचा एक अख्खा रेणूथर बसतो. दाब त्याच्या शंभराव्या हिश्शावर आणला तर त्याच थराला पाच-सहा मिनिटं लागतात. म्हणून दाब आणि दोन स्पंदनांमधलं अंतर या दोन गोष्टींचा विचार नेहमी एकत्र करायचा. सेकंदाला एक स्पंदन मारताना प्रवाह अगदी स्थिर दिसतो, आणि चहाला जाऊन आल्यावर पहिली काही स्पंदनं वेगळी येतात. अशा वेळी लोक लेझरची जुळवणी करत बसतात. लेझर ठीक असतो, बदललेला असतो तो पृष्ठभाग.

तुम्ही जो पृष्ठभाग आत घालता तोच बीम बनून बाहेर येतो. टार्गेट भरण्याच्या कामाकडे मी याच नजरेने बघतो, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आता पट्टीला हात लावण्याआधी एक हिशेब करा. अर्धा जूल ६ नॅनोसेकंदांत म्हणजे सुमारे ८.३ कोटी वॅट. हा प्रकाश ४ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर पसरला तर चौरस सेंटिमीटरला साधारण ६६ कोटी वॅट पडतात. या तीव्रतेला बहुतेक आयन एकपट प्रभाराचे मिळतात आणि पृष्ठभागाची झीज हलकी असते, त्यामुळे त्याच जागेवर पुन्हा पुन्हा मारता येतं. तोच प्रकाश ०.३ मिलिमीटरच्या ठिपक्यावर एकवटला तर चौरस सेंटिमीटरला जवळपास १२ हजार कोटी वॅट होतात. तिथे बहुप्रभारित आयन मिळतात, पण प्रत्येक स्पंदन खड्डा पाडतं. खड्ड्यात पुन्हा मारलं तर प्लाझ्माचा आकार आणि प्रभार दोन्ही बिघडतात, म्हणून दर वेळी ताजी जागा पुढे आणावी लागते. पहिल्या पद्धतीत तळहाताएवढी पट्टी दीर्घकाळ पुरते, दुसरीत तीच पट्टी झपाट्याने संपते. टार्गेटचा आकार, जाडी, सरकवण्याची यंत्रणा आणि चेंबर किती वेळा उघडावं लागेल हे सगळं या एका निर्णयावर ठरतं. आधी पट्ट्या कापून आणायच्या आणि मग ठिपका ठरवायचा, हा क्रम उलटा आहे.

या बाबतीत अभ्यासण्यासारखं उदाहरण न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आहे. तिथे मासाहिरो ओकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला ‘लायन’ नावाचा लेझर आयन स्रोत २०१४ मध्ये कामाला लागला. तो मुद्दाम कमी तीव्रतेवर चालवतात. लेझरने एकपट प्रभाराचे आयन बनवायचे, ते इबिस नावाच्या इलेक्ट्रॉन बीमच्या सापळ्यात सोडायचे आणि तिथे त्यांचा प्रभार वाढवायचा, अशी ती विभागणी आहे. टार्गेटं दोन दिशांना सरकणाऱ्या मंचावर शेजारी शेजारी बसवलेली असतात आणि काही सेकंदांत एक मूलद्रव्य बाजूला करून दुसरं लेझरसमोर आणता येतं. याच सोयीमुळे शेजारच्या नासाच्या अंतराळ-प्रारण प्रयोगशाळेत वैश्विक किरणांची नक्कल करता येते: आयन आणि ऊर्जा यांच्या ३३ जोड्या एकामागून एक मारल्या जातात, त्यांत कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, टायटॅनियम, लोखंड असे जड आयन असतात. प्रत्येक मूलद्रव्यासाठी चेंबर उघडावं लागलं असतं तर असा प्रयोग सुचलाही नसता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पाचही टार्गेटं, किंवा निदान लिथियम सोडून चारही, एकाच वेळी एका मोठ्या पट्टावर, म्हणजे पट्ट्या धरून ठेवणाऱ्या पाटीवर, बसवा आणि मंच दोन्ही दिशांना पुरेसा सरकेल असा घ्या. व्हॅक्यूम मोडण्याची गरज पट्टी झिजल्यावर किंवा लेझरची खिडकी धुरकट झाल्यावरच पडावी. लोड-लॉक, म्हणजे गेट व्हॉल्व्हने तोडलेली वेगळी छोटी खोली आणि आत ढकलणारा दांडा, ही उत्तम सोय आहे. पण पैसे मर्यादित असतील तर मी ते आधी चांगल्या मंचावर घालेन. लोड-लॉक घ्यायचाच तर तो लिथियमसाठी.

पट्टावर टार्गेटं कोणत्या क्रमाने लावायची याला महत्त्व आहे. लेझर एका पट्टीवर पडतो तेव्हा उडालेला काही माल शेजारच्या पट्टीवर जाऊन बसतो. सगळं उघडं ठेवलं तर लोखंडाच्या बीममध्ये कार्बन दिसायला लागतो. पट्टासमोर टॅंटलमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पातळ पडदा लावा आणि त्याला फक्त काम चालू असलेल्या टार्गेटपुरती खिडकी ठेवा. पडदा स्थिर, पट्ट त्याच्या मागे सरकणारा. पडद्याची खिडकी लेझरच्या ठिपक्याहून बरीच मोठी हवी, कारण ठिपक्याच्या कडेला मंद प्रकाशाचं वलय असतं आणि ते पडद्याच्या काठावर पडलं की त्या धातूचे आयनही बीममध्ये मिसळतात. पट्टी दाबून धरणाऱ्या क्लिपांनाही हाच नियम लागू आहे. शक्य असेल तिथे क्लिप त्याच धातूची करा. नाहीतर काठापासून इतकी लांब ठेवा की प्रकाश तिथे पोहोचणारच नाही.

कोनाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नवख्या गटांचे सर्वांत जास्त दिवस इथे जातात. लेझर ज्या दिशेने येतो त्या दिशेने प्लाझ्मा परत जात नाही. तो पृष्ठभागाच्या लंबदिशेने झेपावतो. लेझर २०-३० अंश तिरका आला तरी चालतं, पण पृष्ठभाग बीमच्या अक्षाला काटकोनात असायलाच हवा. प्लाझ्मा पसरून स्पंदन लांब व्हावं म्हणून टार्गेट आणि एक्स्ट्रॅक्शन (प्लाझ्मातून आयन ओढून बीम बनवणारा भाग) यांच्यामध्ये रिकामी नळी ठेवतात. ही नळी ३ मीटरची असेल आणि टार्गेट १ अंशाने कललेलं असेल, तर प्लाझ्माचा मध्य दुसऱ्या टोकाला ५२ मिलिमीटर बाजूला जातो. नळीच्या सुरुवातीला सोलेनॉइड (चुंबकीय क्षेत्राची गुंडाळी) असेल तर थोडं सावरून घेता येतं, पण सगळं नाही. एक अंश म्हणजे ६० मिलिमीटरच्या पट्टीच्या एका टोकाखाली १ मिलिमीटरचा कण. एवढा कण डोळ्याला दिसतो, पण त्याच्या निम्म्याचा सहज नजरेतून सुटतो.

म्हणून पट्टी बसवण्याआधी पट्टाची बैठक आणि पट्टीची मागची बाजू दोन्ही पुसा. बसवल्यावर डायल गेज लावून मंच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा आणि काटा किती हलतो ते लिहून ठेवा. गेजचं टोक मात्र काठावर टेकवा, जिथे लेझर पडणार आहे तिथे नको. पाच पट्ट्यांची जाडी वेगवेगळी असेल तर प्रत्येकीखाली योग्य जाडीचा पत्रा घालून समोरचे पृष्ठभाग एका पातळीत आणा, नाहीतर टार्गेट बदललं की ठिपक्याचा आकारही बदलेल.

स्क्रूंबद्दल दोन शब्द. बंद भोकात घातलेला साधा स्क्रू आपल्या मागे हवा कोंडून ठेवतो आणि ती दिवसेंदिवस झिरपत राहते. गळती शोधक लावला तर गळती सापडत नाही, आणि दाबही उतरत नाही. मध्ये भोक असलेले स्क्रू वापरा किंवा भोकं आरपार पाडा. पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेला कुठलाही भाग चेंबरमध्ये नको. स्टेनलेस स्टीलच्या भोकात स्टेनलेसचाच स्क्रू तेलाविना फिरवला की तो अडकून बसतो, त्यासाठी चांदीचा मुलामा दिलेले स्क्रू मिळतात. पट्टी चिकटवण्यासाठी दुहेरी टेप किंवा बाजारातला गोंद वापरण्याचा मोह होईल, तो टाळा. लेझरच्या उष्णतेने गोंदातून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन नेमके तुमच्या ताज्या पृष्ठभागावर येऊन बसतात.

साफसफाईची पद्धत पदार्थानुसार बदलते. ॲल्युमिनियम सगळ्यात सोपं: ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्य असेल तर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये, आणि कोरड्या नायट्रोजनने झटकून लगेच आत. त्याचं ऑक्साइड काही नॅनोमीटरचंच असतं, पहिली काही स्पंदनं ते उडवून टाकतात. शुद्ध लोखंडाला मात्र जुलै महिन्यातल्या हवेत काही तासांत गंज धरायला लागतो, तेव्हा ते बारीक पॉलिश कागदाने घासून, अल्कोहोलने धुऊन, त्याच दिवशी भरा. उरलेला तुकडा डेसिकेटरमध्ये. आरशासारखी झिलई काढत बसू नका. पृष्ठभाग सगळीकडे सारखा असणं महत्त्वाचं आहे, चकाकी नाही. उलट चकचकीत धातू पहिल्या स्पंदनांचा मोठा हिस्सा परावर्तित करतो आणि तो प्रकाश कुठे जाऊन पडतो हे तपासावं लागतं. त्या जागी ग्राफाइटचा ठोकळा ठेवा.

सिलिकॉनच्या बाबतीत अर्ध्या मिलिमीटरचे वेफर सहज मिळतात म्हणून लोक तेच लावतात. एकाच जागी मारत राहिलात तर वेफर स्फटिकाच्या रेषेत तडकतो आणि तुकडे मंचाच्या स्क्रूत जाऊन बसतात. काही मिलिमीटर जाडीचे तुकडे घ्या, कडा मोकळ्या राहतील इतक्याच हलक्या हाताने दाबा आणि मंच सतत सरकता ठेवा. ग्राफाइटची अडचण वेगळी. ते सच्छिद्र असतं, छिद्रांत पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी नुसत्या पंपिंगने लवकर सुटत नाही. जास्त घनतेचं, बारीक कणांचं ग्राफाइट निवडा, आधी वेगळ्या व्हॅक्यूम भट्टीत काही शे अंशांवर भाजून घ्या, आणि भट्टीतून काढल्यावर पुसायला पुन्हा अल्कोहोल वापरू नका, ते लगेच छिद्रांत शिरेल.

भुकटीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉनवर किंवा तशा प्रवेगकावर ज्यांनी काम केलं आहे, त्यांना सिझियम स्पटर स्रोताचे (सिझियमच्या आयनांनी पदार्थ उडवणाऱ्या आयन स्रोताचे) कॅथोड भरायची सवय असते. तांब्याच्या छोट्या कॅथोडमधल्या भोकात भुकटी, हवी तर चांदीची भुकटी मिसळून, ठोकून घट्ट बसवली की काम भागतं. ती सवय इथे आणू नका. लेझरच्या पहिल्याच धक्क्याने सैल भुकटी उडते, खिडकीवर बसते आणि पंपात जाते. भुकटीची गोळी दाबून ती भट्टीत सिंटर करूनच, म्हणजे न वितळवता कण एकजीव होईपर्यंत तापवूनच, घ्यायला हवी, आणि त्यात बाइंडर (कण चिकटवणारं द्रव्य) नको, कारण बाइंडर म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन.

मोजून-मापून वापरायच्या समस्थानिकासाठी तर हाच मार्ग आहे. २०१८ मध्ये ब्रुकहेवनच्या रिक या आयन-टक्कर यंत्रात रुथेनियम-९६ आणि झिर्कोनियम-९६ यांच्या टकरींची तुलना केली गेली. दोघांचं वस्तुमान जवळजवळ सारखं, पण प्रोटॉन ४४ आणि ४०. यातलं झिर्कोनियम लेझर स्रोतातून आलं. निसर्गातल्या झिर्कोनियममध्ये हे समस्थानिक ३ टक्क्यांहूनही कमी असतं, म्हणून समृद्ध केलेली ऑक्साइडची महागडी भुकटी वापरावी लागली आणि जपानच्या रिकेन संस्थेतल्या तज्ज्ञांनी ती सिंटर करून टिकाऊ टार्गेट बनवून दिलं. अशी गोळी पट्टात तिच्याच मापाचा खळगा करून बसवतात आणि काठ वरून टॅंटलमच्या चौकटीने झाकतात. गोळीला तडा जाऊ नये म्हणून पंपिंगही हळू सुरू करायचं: मोठा व्हॉल्व्ह एकदम न उघडता आधी बारीक वाट उघडायची.

आता लिथियम. याच्यासाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवा.

लिथियम चाकूने कापता येतं, १८०.५ अंश सेल्सियसला वितळतं आणि हवेतलं पाणी, ऑक्सिजन, नायट्रोजन या तिन्हींशी संयोग पावतं. बहुतेकांच्या ध्यानात पहिल्या दोन गोष्टी असतात, तिसरी नसते. सगळ्या प्रयोगशाळांत चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन आत सोडायची पद्धत आहे, आणि बाकी टार्गेटांसाठी ती योग्यच आहे. लिथियम आत असेल तर मात्र आर्गॉनच सोडायचा. ओलाव्याचा नुसता अंश असला तरी नायट्रोजन साध्या तापमानाला लिथियमवर काळपट नायट्राइड बनवतो, आणि तो थर एकदा खोल गेला की पुढे आयनांमध्ये नायट्रोजन दिसत राहतो. व्हेंटच्या नळीवर लाल कागद चिकटवून ‘आत लिथियम, फक्त आर्गॉन’ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रात्रपाळीचा माणूस सवयीनेच नायट्रोजनची चावी फिरवतो.

लिथियमची पट्टी आर्गॉनमध्ये सीलबंद आलेली घ्या, १ मिलिमीटर किंवा जास्त जाडीची. पातळ पट्टीला लेझर लवकर आरपार भोक पाडतो आणि मग मागच्या पट्टाच्या धातूचे आयन यायला लागतात. पाकीट फक्त ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे आर्गॉनने भरलेल्या, हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत उघडा. ग्लोव्हबॉक्सचं मीटर पाणी आणि ऑक्सिजन १ पीपीएमच्या खाली दाखवत असेल तरी एक शंका घ्या: तांब्याचं शुद्धीकरण माध्यम ऑक्सिजन काढतं, नायट्रोजन काढत नाही. हातमोज्यांतून आणि अँटीचेंबरमधून (वस्तू आत-बाहेर करायच्या कप्प्यातून) थोडा थोडा शिरलेला नायट्रोजन आत साठत जातो. चाचणी सोपी आहे. लिथियमचा छोटा तुकडा खरवडून चकचकीत करा आणि तासभर ठेवा. तो चांदीसारखा राहिला तर पुढे जा. काळवंडला तर आतला आर्गॉन पूर्ण बदला.

खरवडायला धारदार स्टेनलेस स्टीलची पाती आणि चपटं करायला पॉलिप्रॉपिलीनची पाटी वापरा, धातूच्या रुळाला लिथियम चिकटून बसतं. मागचा पट्ट स्टेनलेस स्टीलचा ठेवा. ॲल्युमिनियमचा नको, लिथियम त्याच्याशी मिश्रधातू बनवतं. पट्टी चौकटीने सगळीकडून सारखी दाबा, स्क्रू जेमतेम घट्ट करा. हा धातू दाबाखाली हळूहळू पसरतो, त्यामुळे काही वेळाने स्क्रू आपोआप सैल झालेले आढळतील. ते ग्लोव्हबॉक्समध्येच पुन्हा एकदा आवळून घ्या, मग वर झाकण लावून पट्ट हवाबंद डब्यात आर्गॉनसकट बंद करा.

डब्यातून चेंबरपर्यंतचा प्रवास हा या साऱ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. लोड-लॉक असेल तर डबा थेट त्यालाच जोडायचा. नसेल तर चेंबरच्या दाराला पारदर्शक ग्लोव्हबॅग बांधा, ती आर्गॉनने अनेकदा भरून रिकामी करा, चेंबरमधून बाहेरच्या दिशेने आर्गॉनचा झोत सतत चालू ठेवा आणि मगच डबा उघडा. दार बंद करून रफिंग पंप (सुरुवातीचा व्हॅक्यूम करणारा पंप) सुरू होईपर्यंत सगळ्या हालचाली आधी रिकाम्या पट्टावर सराव करून बसलेल्या असाव्यात. पुण्यातल्या पावसाळी दुपारी उघड्या हवेत लिथियमची चमक मिनिटांत जाते. एसी चालू आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. आर्द्रतामापकाचा आकडा बघा आणि शक्य असेल तर हे काम हिवाळ्यात, कोरड्या सकाळी ठेवा.

आर्गॉन हवेपेक्षा जड असतो आणि त्याला वास नसतो. लहान बंद खोलीत तो जमिनीलगत साचतो आणि वाकून काम करणाऱ्याचा जीव गुदमरतो. ऑक्सिजनचा अलार्म लावल्याशिवाय आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय हे काम करू नका. लिथियमला आग लागली तर पाणी, कार्बन डायऑक्साइड, वाळू किंवा साधं एबीसी अग्निशामक, यांतलं काहीही चालत नाही. धातूच्या आगीसाठीचं डी वर्गाचं, लिथियमला चालेल असं ग्राफाइटच्या कोरड्या भुकटीचं साधन हाताशी हवं, आणि ते कुठे आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

चेंबर उघडण्याआधीचा क्रम सगळ्या टार्गेटांसाठी एकच. लेझर बंद करून किल्ली उघडणाऱ्याच्या खिशात. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि डोळा कायमचा घालवतो. मग उच्च व्होल्टेजचा वीजपुरवठा बंद करून चेंबरला अर्थिंगची काठी लावा आणि ती तिथेच लटकू द्या. टार्गेटचा भाग बऱ्याच स्रोतांत काही दहा किलोव्होल्टवर असतो. त्यानंतर बीमलाइनकडचा गेट व्हॉल्व्ह बंद, टर्बो पंप पूर्ण थांबेपर्यंत वाट आणि शेवटी वायू सोडणं.

बंद केल्यावर नुसत्या दाबाच्या आकड्यावर विसंबू नका. चेंबरमधल्या वायूंचे रेणू वस्तुमानानुसार दाखवणारा वस्तुमान विश्लेषक असेल तर त्याच्याकडे बघा. १८ वर मोठं शिखर म्हणजे पाणी, ते वेळ आणि थोडी उष्णता दिल्यावर उतरतं. २८ मोठं आणि सोबत १४ व ३२ सुद्धा असेल तर बाहेरची हवा शिरते आहे. मग हेलियम घेऊन दाराच्या ओ-रिंगपासून शोध सुरू करा. लिथियम आत असताना भिंती गरम करण्याचं धाडस बेताने करा, पट्टाचं तापमान त्याच्या वितळणबिंदूच्या जवळपासही जाता कामा नये.

मग पहिली स्पंदनं. पूर्ण ऊर्जेवर सुरुवात नको. ठिपका मोठा, ऊर्जा कमी, सेकंदाला एक स्पंदन, आणि मंच ओळीने सरकवत सगळा वापरायचा भाग एकदा पुसून काढल्यासारखा झाडून घ्या. समोर फॅराडे कप (आयनांचा प्रवाह मोजणारी धातूची वाटी) लावून प्रवाहाची लाट ऑसिलोस्कोपवर बघा. हलके आयन आधी पोहोचतात, त्यामुळे लोखंडासारख्या टार्गेटवर हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजनचा उंचवटा मुख्य शिखराच्या आधी दिसतो आणि स्पंदनागणिक खाली बसतो. तो बसायचा थांबला की पृष्ठभाग तयार झाला. लिथियमच्या बाबतीत ही खूण फसवी ठरते, कारण लिथियम स्वतःच हलकं आहे. तिथे स्थिरविद्युत विश्लेषक किंवा चुंबक लावून आयन वेगळे करूनच खात्री करावी लागते.

या झाडणीत निघालेला माल लेझरच्या खिडकीवरही बसतो. खिडकीच्या आतल्या बाजूला बदलता येईल अशी साधी काच लावा, आणि लेझरची ऊर्जा अधूनमधून खिडकीच्या पलीकडे, आत मोजा. बाहेरचा मीटर तोच आकडा दाखवत राहतो आणि टार्गेटवर पोहोचणारा प्रकाश मात्र घटत जातो.

शेवटी लिथियम बाहेर काढणं. वापरलेली पट्टी आर्गॉनमध्येच डब्यात घालून ग्लोव्हबॉक्समध्ये न्या. चेंबरच्या भिंतींवर आणि पडद्यावर मात्र लिथियमचा पातळ थर बसलेला असतो. तो लगेच ओल्या फडक्याने पुसायला घेऊ नका. दार किंचित उघडं ठेवून, एक्झॉस्ट चालू करून, खोलीतल्या हवेला त्याच्यावर सावकाश काम करू द्या. थर पांढरा पडला म्हणजे त्याचं हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट झालं. हे द्रव्य त्वचेला आणि डोळ्यांना भाजतं, म्हणून गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे घालून आधी दमट आणि मग अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. पडदा सोडवून वेगळा धुवा, त्याच्या मागची बाजू आणि क्लिपांच्या फटी विसरू नका. चेंबर पुन्हा बंद करून रात्रभर पंप चालवा आणि १८ चं शिखर नेहमीच्या पातळीला आल्यावरच पुढची पट्टी भरण्याची तारीख ठरवा.